मूर्तिजापूर स्टॉपवर घेतलेलं नाव

भाऊजी, मला तुम्हाला एकच विचारायचं आहे. त्या दिवशी शेतात कडुलिंबाखाली बसून तुम्ही त्या मुलीचं नाव घेतलंत, तेव्हा तुम्हाला घाम फुटला होता, की अजून फुटायचा होता?

परवा तुमची तेरवी झाली आणि तेव्हापासून मी या खोलीतून त्या खोलीत फिरतोय. सुमन म्हणते, एका जागी बसा हो जरा. बसलं की तो कडुलिंब दिसतो, वांग्याच्या भाजीचा वास येतो आणि मी पुन्हा उठतो. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "बस बे, तुयंच रगत तपासून पाय एकडाव."

तेरवीला मांडव भरला होता. तुमच्या फोटोपुढच्या पानात बुंदी वाढली होती, चमचाभर नाही, चांगला ढीग. जन्मभर तुमच्या ताटाकडे डोळे वटारून बघणारा मी तिथे नुसता उभा होतो. ताईनं पदर तोंडाला लावला आणि मला म्हणाली, "खाऊ दे रे आज त्यायले." बहीण माझी असली तरी गोडाच्या बाबतीत ती कायम तुमच्याच पार्टीत. मला हसू आलं आणि त्याच दमात रडू आलं.

पण मला जागेवरून हलवलं ते त्यानंतरच्या एका बोलण्यानं. पंगतीत दोघं जण शेजारी जेवत होते. एक म्हणाला, "कंडक्टर भाऊ गेले. आता आमच्या पोट्ट्यायची लग्नं कोण जुळवन?" दुसरा भातात वरण कालवत म्हणाला, "ते काय आता गेले? डोक्यानं तं कवाच गेलते." वाढप्याच्या हातातली बादली घेऊन त्याच्या डोक्यावर उलटी करावी असं वाटलं. तुमच्या तेरवीत तमाशा नको म्हणून गिळलं. ते बोलणं मात्र माझ्या मानगुटीवर बसलंय आणि उतरायला तयार नाही, कारण ते पूर्ण खोटं आहे असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही.

तुमचं डोकं म्हणजे काय होतं, हे त्या माणसाला काय कळणार! अमरावतीहून बाळापूरला जाणाऱ्या लाल बसवर तुमची सगळी नोकरी गेली. तिकीट फाडता फाडता तुम्ही माणसं गोळा केलीत. कोण कुणाचा जावई, कुणाची आत्या कुठे दिली, कोणाच्या घरात बोलणं गोड आणि पाण्याचा मात्र ठणठणाट, कोणती मुलगी शिकायची थांबली आणि का थांबली, सगळं त्या डोक्यात. निवृत्त झाल्यावर घरी बसून पेपर वाचाल असं ताईला वाटलं होतं. पण वऱ्हाडात दिवसच असे आले की लोकांनी तुम्हाला बसूच दिलं नाही. कापूस पिकला तर भाव नाही, भाव आला तर बोंडात अळी. मग शेतकऱ्याच्या मुलाला मुलगी द्यायला शेतकरीच तयार होईना. लोक तुमच्या तोंडावर सांगायचे, "पोरगा चपराशी असला तरी चालन, पण वावरवाला नोका सांगू." गावोगाव तिशी ओलांडलेली मुलं केसांना काळा रंग लावून बसलेली. त्यांच्यासाठी तुम्ही पायाच्या चपला झिजवल्यात. त्या बदल्यात कुणाकडून कधी काही घेतलं नाही. घेतला तो चहा, आणि त्या चहानंच घात केला.

यावर आपण किती भांडलो! स्थळ घेऊन गेलेल्या माणसानं त्या घरचा चहा परत करायचा नाही, ही आपल्याकडची रीत. बिनसाखरेचा मागितला तर घरधनीण चूल सोडून बाहेर येते, "काहून बा, मन नाई दिसत तुमचं?" आणि बोलणी तिथेच आटोपतात. सकाळपासून चार घरं झाली की तुमच्या पोटात चार कप पाक गेलेला असायचा. सुपारी फुटली की वर पेढा. मी अकोल्याच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासण्यात जन्म काढलेला. तुमच्या रक्ताची नळी हातात आली की कागदावर आकडा उतरायच्या आधीच मला घाम यायचा. "भाऊजी, ही साखर नुसती पायाला आणि डोळ्याला खात नाही. हळूहळू डोक्यालाही खाते," असं मी सांगायचो. तुम्ही माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणायचात, "डोक्यात माह्या समदे सोयरे बसून हायेत. साखरेले बसाले जागा कुठी हाय?"

आणि माझ्याकडे उलट बोलायला तोंड नसायचं, कारण माझं स्वतःचं लग्न तुम्हीच जुळवलेलं. रक्त-लघवीच्या बाटल्या धुणाऱ्या मुलाला कोण मुलगी देतो, असं आमच्या घरी सगळे म्हणत होते. तुम्ही सुमनच्या वडिलांना म्हणालात, "पोरगा हात लय धुते, घर सोच्छ राईन." त्या दिवशी तुम्ही त्यांच्या घरी तीन चमचे साखरेचा चहा प्यायलात. तुमच्या आजारातला निदान तेवढा वाटा माझा आहे, असं सुमन चिडवते. हल्ली ती चिडवत नाही.

मग ते बाळापूरचं झालं. मला ते लिहायचं नव्हतं, पण लपवून काय करू? तुम्ही एका घरी गेलात, चहा घेतलात आणि त्यांच्या धाकट्या मुलीसाठी स्थळ सांगितलंत. त्या मुलीचं लग्न तुम्हीच लावून दिलं होतं. तिच्या मांडवात तुम्ही जेवला होतात. घरचे लोक एकमेकांकडे बघत राहिले. ती बाई भली, तिनं हसण्यावारी नेलं, पण बसमधून बातमी तुमच्या आधी अमरावतीला पोचली. त्यानंतर फोन कमी झाले. लोक सरळ काही म्हणत नव्हते. "भाऊ, सध्या थांबलो आमी," एवढंच. तुम्ही ओट्यावर बसून रस्त्याकडे बघायचात आणि मी आलो की आवाज चढवायचात, "मले काय झालं नाई. समदं याद हाय मले." मोठ्यानं म्हणायचात, त्यावरूनच मला कळायचं की आतून तुमचीही खात्री हलली आहे.

अशा दिवसांत ताईच्या चुलत दिरानं नवस फेडायला शेतात रोडग्यांचं जेवण ठेवलं. तुम्ही खूश. लोक भेटतील, बोलणी निघतील. सकाळी निघताना तुम्ही रोजची गोळी घेतलीत आणि वर अजून एक. ताईनं विचारलं तर म्हणालात, "रोडगे चुरून तूप-साखर खायची हाय. जागा करून ठेवून राहिलो." त्या जागेपायी न्याहारीही केली नाही, नुसता चहा. ही अक्कल फक्त वऱ्हाडातल्या शुगरवाल्यालाच सुचते! अमरावती-अकोल्याकडचा एकही पेशंट मला असा भेटलेला नाही ज्यानं पंगतीच्या आधी जास्तीची गोळी घेतली नसेल. आणि रोडग्याची पंगत वेळेवर बसल्याचं एकानं तरी पाहिलंय का? गोवऱ्या पेटणार, विस्तव पडणार, कणकेचे रोडगे आत भाजणार, मग राख झाडणार, मग नैवेद्य. बाराची पंगत म्हणतात, पानं पडतात उन्हं कलल्यावर.

आपण दोघं कडुलिंबाखाली बसलो होतो. तुम्ही प्रशांतचा विषय काढलात. पुंडलिक ड्रायव्हरचा प्रशांत. पुंडलिक तुमच्या बसवरचा जोडीदार, गेला त्याला काही वर्षं झाली. जाताना त्यानं तुमचा हात धरून सांगितलं होतं, माह्या पोराचं पाहजो. मुलगा हिरा. व्यसन नाही, बाळापूरजवळ थोडं वावर, कापूस-सोयाबीन, आणि चौतिशी आली तरी एक मुलगी समोर आली नव्हती. "त्या प्रशांतचं काय करावं बे?" असं तुम्ही विचारलंत. हे शुद्धीतलं बोलणं होतं, याची मी शपथ घेईन. मी काहीतरी "बघू" म्हणालो. मला भूक लागली होती, माझं लक्ष भाजीच्या गंजाकडे होतं. वांगी रटरटत होती आणि आचारी विस्तवावर नुसता फुंकर घालत होता.

मग तुमचा आवाज आला. "पुंडलिक, काढ गाडी."

मी वळून बघितलं तर तुमचा हात वर गेलेला, घंटीची दोरी ओढावी तसा. "बडनेरा. बडनेरावाले उतरा." पुन्हा दोरी ओढलीत. "मूर्तिजापूर. पुंडलिक, तुया प्रशांतले इथलीच वैशाली पाय. मास्तरची. ते नाई म्हणनार नाई." पुन्हा दोरी. "बोरगाव... अकोला..."

सदरा पाठीला चिकटला होता. ओठ थरथरत होते. लोक जमा झाले. कुणी म्हणालं, पिऊन आले वाटते. एक म्हातारी म्हणाली, वारं लागलं, लिंबू उतरवा. आणि वैशालीचं नाव ऐकलेला एक जण तर हसायलाच लागला, "मास्तरची पोरगी पतसंस्थेत नोकरीले हाय. नोकरीवाली वावरात देते काय कोनी? सटकले भाऊ." मी त्यांना ढकलत आचाऱ्याकडे धावलो, गुळाचा खडा आणला आणि तुमच्या दाढेत कोंबला. तुम्ही माझं बोट चावलंत. नंतर गुळाचं पाणी पाजलं. थोड्या वेळानं डोळे माझ्यावर स्थिर झाले आणि तुम्ही विचारलंत, "काहून बा, एवढे लोक काहून जमले? रोडगे झाले काय?"

ज्या साखरेपायी मी तुमच्याशी जन्मभर भांडलो, तीच त्या दिवशी मी जबरदस्तीनं तुमच्या तोंडात घातली. तुम्ही यावरून मला नंतर किती छळलंत! "साळ्यानं गूळ चारला मले," म्हणून गल्लीत सांगत फिरलात.

अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र आपल्या दोघांना नीट समोर बसवून समजावलं. वर्षानुवर्षं वाढलेली साखर मेंदूतल्या बारीक नसा खराब करते आणि आठवण हळूहळू झिजते, बाळापूरचं विसरणं त्यातलं असू शकतं. पण साखर एकदम उतरली की मेंदूला खायलाच मिळत नाही आणि माणूस घामाघूम होऊन बसल्या जागी भरकटतो. असे झटके पुन्हा पुन्हा येणं म्हातारपणी फार वाईट. "या वयात आकडा थोडा वर राहिला तरी चालेल, खाली जाऊ द्यायचा नाही," असं म्हणून त्यांनी गोळ्या कमी केल्या आणि वेळेवर जेवायला बजावलं. मधेमधे तुमची चिडचिड व्हायची, दुपारी तुम्ही भलतंच बोलायचात, ते बहुतेक साखर उतरल्यामुळेच असणार, असंही त्या म्हणाल्या. ताई तिथेच रडायला लागली. तिला वाटत होतं तुम्ही तिच्यावर राग काढता.

नंतरचे महिने चांगले गेले. मला त्या महिन्यांसाठी कुणाचे तरी आभार मानायचे आहेत, कुणाचे ते कळत नाही. तुम्ही पुन्हा थट्टा करायला लागलात. ताईच्या हातच्या भाकरीला नावं ठेवायला लागलात आणि ती भांडी आपटत असली तरी खूश होती. सगळं परत आलं नाही. सकाळचं दुपारी विसरायचात. पण जुनं विचारलं की घडाघडा.

म्हणून मी वैशालीचं विचारलं. आठवतं? ओट्यावर बसलो होतो.

"तुमी मूर्तिजापूरच्या वैशालीचं नाव घेतलं होतं प्रशांतसाठी."

"कोनती वैशाली?"

"मास्तरची. पतसंस्थेत हाय."

तुम्ही म्हणालात, "म्या म्हटलं काय असं? मंग बरोबरच म्हटलं असन."

"तुमाले आठवत नाई, मंग मी कोनत्या तोंडानं जाऊ त्यायच्या घरी?"

"माह्या तोंडानं जाय."

मी चिडलो. म्हणालो, साखर उतरलेल्या माणसाच्या बोलण्यावर कुणाच्या मुलीचं आयुष्य ठरवायचं काय? तुम्हीही चिडलात. "तू लॅबवाला. तुले कागदावर आकडा लागते. मले सांग, बडनेऱ्यानंतर मूर्तिजापूर येते का नाई? मूर्तिजापूरनंतर बोरगाव? यकही स्टॉप चुकला काय माहा? मंग पोरगीच कशी चुकन?" मी म्हणालो, तुम्ही मेलेल्या पुंडलिकाला हाका मारत होतात, त्याचं काय? तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि आत निघून गेलात. भांडण तिथेच राहिलं. पुढच्या खेपेला मिटवू म्हटलं, आणि पुढच्या खेपेला मी आलो तो तुम्हाला न्यायला. दुपारच्या झोपेतच हृदय थांबलं. साखर चांगली होती, भाऊजी, सकाळचीच तपासली होती ताईनं. मला त्याचाही राग येतो.

तर प्रश्न तोच. तुम्ही "प्रशांतचं काय करावं" असं विचारलंत तेव्हा शुद्धीत होतात. "काढ गाडी" म्हणालात तेव्हा नव्हतात. मग वैशालीचं नाव कोणत्या हिशेबात धरू? ते शुद्धीत असतानाच मनात तयार झालं होतं आणि उशिरा बाहेर पडलं? की साखर उतरल्यावर जसे स्टॉप आले तसं तेही आलं, त्या स्टॉपवर बसमध्ये चढणारी एक मुलगी म्हणून? लॅबमध्ये असं दोन्हीकडे ओढणारं काही आलं की मी नळी पुन्हा तपासायला लावायचो. आता पुन्हा काय तपासू?

राहवलं नाही. काल मूर्तिजापूरला गेलो.

मास्तरांचं घर साधं, अंगणात तुळस, भिंतीला टेकवलेली स्कूटी. मी तुमचा साळा म्हटल्यावर त्यांनी खुर्ची पुसून दिली. वैशालीनं चहा आणला. बघूनच कळलं, दोन चमचे आहेत. माझीही साखर आता काठावर आलीय, हे तुम्हाला सांगायचं राहिलंच. म्हणजे सांगितलं नव्हतं मुद्दाम, तुम्ही ढोल वाजवला असतात. मी कप उचलला आणि एक शब्द न बोलता प्यायलो. मग विषय काढला. मुलगा असा, घर असं, वावर एवढं, पुंडलिकरावांचा मुलगा, आणि हे स्थळ कंडक्टर भाऊंनी सुचवलेलं.

मास्तर खाकरून म्हणाले, "एक विचारू काय? राग नोका मानू. त्यायच्या तब्येतीचं आमीही आयकलं होतं. माह्या पोरीचं नाव घेतलं तवा त्यायचं डोकं ठिकानावर होतं काय?"

भाऊजी, मी सगळं सांगणार होतो. गोळी, उपाशी पोट, घाम, पुंडलिक, दोरी. लॅबवाल्यासारखं, एकही गोष्ट न गाळता. त्यासाठीच तर गेलो होतो. माझ्या तोंडून निघालं, "होतं. पूर्ण ठिकानावर होतं."

वैशाली दारात ट्रे घेऊन उभी होती, आत गेली नव्हती. ती म्हणाली, "ड्रायव्हर काकाचा प्रशांत काय? मी अकोल्याले कॉलेजले जाओ तवा मांगच्या सीटवर बसे, तो?" मास्तरांनी तिच्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावरून मला काही वाचता आलं नाही. तुम्हाला आलं असतं. तुम्ही त्याच बसमध्ये उभे राहून तिकिटं फाडत होतात, मी नव्हतो.

ट्रे चौरंगावर ठेवून ती म्हणाली, "बाबा, पाह्यला काय हरकत हाय?"

रविवारी प्रशांत आणि त्याची आई त्यांच्याकडे जाताहेत. मलाही बोलावलंय, तुमच्या जागी. चहा पुन्हा प्यावा लागणार. ताईला सांगितलं तर ती हसली, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा, आणि म्हणाली, "जेवून जाजो, आन गोळी एकच घेजो."

आता तुमचं डोकं त्या दिवशी ठिकाणावर असायलाच पाहिजे, भाऊजी. मी शब्द देऊन बसलोय.